इसहाकाच्या विहिरी आणि आमची ग्रामसभा

शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय २६, ओव्या १२ ते ३३.



हा अध्याय आपल्या मंडळ्यांतून क्वचितच वाचला जातो. अब्राहामावर उपदेश होतो, याकोबावर होतो, योसेफावर तर वर्षांतून दोनदां होतो. इसहाक मात्र शांत स्वभावाचा मनुष्य असल्यामुळें मागें राहतो. त्यानें लढाई मारली नाहीं, मोठा प्रवास केला नाहीं. त्यानें शेत पेरलें, गुरें राखलीं आणि विहिरी खणल्या. लातूर-नांदेडकडील शेतकऱ्यास व शेतमजुरास कुलपित्यांपैकीं कोणी आपल्या घरचा वाटावा तर तो हाच होय.

गोष्ट थोडक्यांत अशी. देशांत दुष्काळ पडला असतां इसहाक गरारास राहिला. तेथें त्यानें पेरणी केली व देवाच्या आशीर्वादानें त्यास शंभरपट पीक आलें. मेंढरें वाढलीं, गुरें वाढलीं, चाकरमाणसें वाढलीं, आणि त्याबरोबर शेजाऱ्यांच्या मनांतील जळफळाटहि वाढला. पलिष्ट्यांनीं त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी मातीनें बुजविल्या. येथें थोडें थांबून विचार करा. दुष्काळी देशांत विहीर बुजविणारा मनुष्य शेजाऱ्याचेंच नव्हे, तर आपलेंहि पाणी बुजवितो. परंतु मत्सरास एवढा हिशेब कोठून येणार! पुढें इसहाक गरारच्या खोऱ्यांत जाऊन राहिला. तेथें त्याच्या चाकरांनीं खणलें तों जिवंत झरा लागला. लागलीच तेथील गुराखी धांवून आले व त्या पाण्यावर हक्क सांगूं लागले. इसहाकानें त्या विहिरीस भांडणाचें नांव दिलें. दुसरी खणली, तिच्यावरहि तंटा झाला. तिला वैराचें नांव पडलें. मग तो आणखी पुढें सरला व तिसरी खणली. तिच्याविषयीं कोणी भांडलें नाहीं, म्हणून तिला त्यानें ऐसपैस जागेचें नांव दिलें. एसेक, सितना आणि रहोबोथ, हीं तीं तीन नांवें.

या तीन विहिरींवर जे उपदेश होतात त्यांचें सार बहुधा असें असतें कीं, ख्रिस्ती मनुष्यानें भांडूं नये, पुढें सरावें, देव जागा करून देतो. हें खरें आहे. परंतु ज्याच्या नांवावर अडीच एकर आहेत, किंवा एक गुंठाहि नाहीं, त्यानें कोठें सरावें? गरारचें खोरें मोकळें होतें. आपल्या शिवारांत बांधाला बांध लागलेला आहे. इसहाक पुढें सरला. आपण खालीं सरतों. साठ फुटांवरचें पाणी आटलें कीं दोनशें फूट, तें आटलें कीं पांचशें, मग आठशें. पाणाड्या हातावर नारळ घेऊन शिवार हिंडतो, तामिळनाडूहून आलेली बोअरची गाडी रात्रभर घरघरते, डोक्यावर कर्ज होतें, आणि पुष्कळदां शेवटीं वर येतो तो नुसता दगडाचा भुगा.

याचें कारण आपल्या पायांखालीं आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीखालीं काळा पाषाण आहे. त्यांत पाणी राहतें तें वरच्या मुरमांत व झिजलेल्या थरांत, आणि त्याखालीं कोठें भेग असेल तर तेवढ्या भेगेंत. खोलवरच्या भेगांतून एकदां ओढून घेतलेलें पाणी पुन्हां भरून येण्यास फार काळ लागतो. म्हणून एकाच्या शेतांत खोल गेलेली नळी दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी घेऊन जाऊं शकते, व मग त्या बांधावर जें भांडण पेटतें तें गरारच्या गुराख्यांचेंच भांडण होय. फरक इतकाच कीं, आपल्याकडे एसेक व सितना यांच्यानंतर रहोबोथ येत नाहीं.

हें मी भय घालण्यासाठीं लिहीत नाहीं. २०१४ व २०१५ अशीं दोन वर्षें लागोपाठ पाऊस कमी पडला तेव्हां काय झालें तें तुमच्यापैकीं बहुतेकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. लातूर शहर बीड जिल्ह्यांतील धनेगांवच्या मांजरा धरणावर अवलंबून; त्या धरणांत वापरण्याजोगें पाणी उरलें नाहीं. २०१६ च्या मार्चांत लातुरांत पाण्याच्या टाक्यांभोवतीं जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. दहा वाघिणी, पांच लक्ष लिटर पाणी, आणि सुमारें ३४० किलोमीटरांचा प्रवास! पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली व ती एका खेपेस पंचवीस लक्ष लिटर आणीत असे. तिला जलदूत असें नांव होतें. कृष्णेच्या खोऱ्यांतील पाण्यानें मांजराकांठच्या माणसांची तहान भागली, हा उपकार विसरण्याजोगा नाहीं. परंतु तें पाणी शहराचें होतें. खेड्यांतील बाया रांगेंत घागरी मांडून टँकरची वाट पाहत बसल्या, आणि देवणीच्या व लाल कंधारीच्या जातिवंत जनावरांस चाऱ्यावांचून बाजार दाखविण्याची पाळी आली. मग त्याच वर्षीं, पावसाळा सरतां सरतां, मांजरा धरण भरलें!

म्हणजे आकाश आपणांस कांहींच देत नाहीं असें नव्हे. लातूर जिल्ह्यांत सरासरी सुमारें ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. नांदेडकडे त्याहून कांहीं अधिक. तो समान पडत नाहीं, हें खरें. २०२५ च्या ऑगस्टांत मुखेड तालुक्यांत लेंडी नदीच्या बाजूचीं गांवें एका रात्रींत पाण्यांत गेलीं व माणसें दगावलीं. तथापि साधारण वर्षाचा पाऊस ज्वारीस पुरतो, तुरीस व करडईस पुरतो, आणि आतां ज्यानें खरिपाचें शिवार व्यापलें आहे त्या सोयाबिनासहि पुरतो. उसास मात्र १५०० पासून २५०० मिलिमीटरपर्यंत पाणी लागतें. आभाळ देतें त्याहून जें अधिक लागतें तें तो धरणांतून किंवा जमिनीच्या पोटांतून घेतो. ऊस लावणें पाप आहे असें मी म्हणत नाहीं. सोयाबिनाचा भाव आडतींत पडला म्हणजे शेतकऱ्यानें कोणत्या पिकाकडे पाहावें, हा प्रश्न मला वारंवार विचारण्यांत येतो व त्याचें सोपें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं, ज्या पाण्यावर ऊस उभा राहतो तें एकट्याचें नाहीं. म्हणून त्याचा निर्णयहि एकट्यानें करावयाचा नाहीं.

मग तो कोणी करावा? आमच्या आजोबांच्या काळीं याचें उत्तर सरळ होतें, आणि कडू होतें. निजामाच्या राज्यांत गांवचा कारभार पाटील व पटवारी पाहत. वतन बापाकडून मुलाकडे जाई, आणि गांवकुसाबाहेरच्या मनुष्यानें चावडीच्या पायरीखालीं उभें राहून हुकूम ऐकावा इतकाच त्याचा कारभाराशीं संबंध. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य गेलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या. (लातूर हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला, तोंवर तो उस्मानाबादेंत मोडत असे.) पुढें १९९३ च्या एप्रिलांत जी घटनादुरुस्ती अमलांत आली तिनें ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान दिलें व पंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानें त्या २०११ सालीं निम्म्या केल्या.

हे सन मीं पाठ करण्यासाठीं सांगितले नाहींत. त्याच १९९३ सालीं, ३० सप्टेंबरच्या पहांटे, किल्लारीचा भूकंप झाला. हजारों माणसें झोपेंत गेलीं. जीं गांवें दुसऱ्या जागीं वसविलीं तेथें घरें कशीं दिलीं तें ठाऊक आहे ना? ज्याची जमीन सात हेक्टरांहून अधिक त्यास ७५० चौरस फुटांचें घर, आणि भूमिहीनास २५० चौरस फुटांचें. भिंती पडल्या तेव्हां त्यांनीं कोणाचा सातबारा पाहिला नव्हता. आमच्या मुलखांत जमिनीचें वजन एवढें आहे कीं, निवाराहि तिच्या मापानें मिळाला. परंतु ग्रामसभेंत हात वर करण्यास सातबारा लागत नाहीं. मतदारांच्या यादींत नांव असलें म्हणजे पुरे. साठ एकरांच्या धन्याचा एक हात व त्याच्या सालगड्याच्या बायकोचा एक हात, हे तेथें सारखे मोजले जातात. हें जर आपणांस लहान वाटत असेल तर आपण आपल्या आजोबांस विसरलों आहों.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायांत मोशेचा सासरा इथ्रो येतो. तो पाहतो कीं, जांवई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करीत बसला आहे आणि लोक ताटकळत उभे आहेत. तो म्हातारा स्पष्टच सांगतो कीं, अशानें तूंहि झिजशील व हे लोकहि झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसें नेम. कशीं माणसें? कर्तबगार, देवाचें भय बाळगणारीं, खरीं, आणि लांचेचा तिटकारा असणारीं. दहांवर नेमलेला मनुष्य म्हणजे आपल्या वस्तीचा पंचच म्हणाना! मोशेनें तें ऐकलें. परंतु आपल्या मंडळ्यांत मीं असें पाहिलें आहे कीं, सरपंच लांच खातो म्हणून ओट्यावर बसून हळहळणारे पुष्कळ, आणि त्याचा हिशेब ज्या दिवशीं वाचला जातो त्या दिवशीं हजर राहणारे दोन.

हा हिशेबाचा दिवस कोणता, तें उपदेशकांनीं नीट समजून घ्यावें. कायद्याप्रमाणें वर्षांतून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं भरतात. त्यांच्या आधीं स्त्रियांची सभा निराळी भरवावयाची असते. सभेस एकंदर मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तितकीं माणसें हजर असावीं लागतात. तितकीं न जमलीं तर सभा तहकूब होते. आणि मग जी तहकूब सभा भरते तिला संख्येची अट नाहीं! म्हणजे आपण घरीं बसलों म्हणून निर्णय थांबत नाहीं. तो पांच-सात जणांच्या हातीं जातो व पुढें आपल्या नांवानें वहींत लिहिला जातो. घरकुल कोणास द्यावें, गांवचा आराखडा काय असावा, आलेला पैसा नळावर खर्चावा कीं कमानीवर, हें सर्व तेथें ठरतें. पंधराव्या वित्त आयोगानें पंचायतींस दिलेल्या पैशांतील निम्म्याहून अधिक भाग पाणी व स्वच्छता यांसाठींच बांधून दिला होता. त्याचें आपल्या गांवीं काय झालें, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक विधवेस आहे.

पाण्याविषयीं कायदाहि आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर किंवा बोअर घेऊं नये, असें महाराष्ट्रांत १९९३ सालींच ठरलें. परंतु कायदा मुंबईस छापला जातो आणि बोअर रात्रीं पडतो. ज्या गांवानें आपण होऊन नियम केला तेथें मात्र गोष्ट निराळी झाली. नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, हिवरे बाजार या गांवाचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. तो भागहि आपल्यासारखाच कमी पावसाचा, किंबहुना अधिकच. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हांपासून तेथील ग्रामसभेनें पाणी अडविलें, शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली, आणि पावसाचें माप घेऊन त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावें याचा विचार सर्वांनीं मिळून करण्याची चाल पाडली. तेथील लोक देवदूत आहेत असें नाहीं. ते एकमेकांच्या देखत बोलले, इतकेंच.

आणि एका गांवानें बोलून पुरत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मांजरा बीडकडील डोंगरांत उगवते, लातुरावरून जाते, कर्नाटक व तेलंगण यांतून वळते आणि बिलोलीकडे गोदावरीस मिळते. वरच्यानें अडविलें त्याची खबर खालच्यास उन्हाळ्यांत लागते. एवढ्यासाठींच गांवच्या वर तालुका व तालुक्यावर जिल्हा परिषद आहे. त्या जागाहि रिकाम्या राहिल्या म्हणजे काय होतें तें आपण पाहिलें: २०२२ च्या मार्चांत मुदत संपल्यावर लातूर व नांदेड येथील जिल्हा परिषदांचा कारभार कित्येक वर्षें प्रशासकांच्या हातीं होता, आणि आपलें गाऱ्हाणें ज्याच्या दारीं न्यावें असा निवडलेला सभासदच नव्हता.

आतां अध्यायाच्या शेवटाकडे या. तो फार थोडे वाचतात. ज्या अबीमलेखानें इसहाकास देशाबाहेर घालविलें होतें तोच आपला मित्र व सेनापति यांस घेऊन त्याच्याकडे आला. इसहाकानें आधीं विचारलें कीं, तुम्हीं माझा द्वेष केला, मग आतां कां आलां? हा प्रश्न त्यानें गिळला नाहीं. तोंडावर विचारला. मग त्यानें त्यांस जेवूं घातलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून दोन्ही पक्षांनीं शपथ वाहून करार केला. त्याच दिवशीं चाकर धांवत येऊन सांगूं लागले कीं, विहिरीस पाणी लागलें. करार केला म्हणून पाणी लागलें असें शास्त्र म्हणत नाहीं. त्याच दिवशीं लागलें, इतकेंच सांगतें.

येथें मला माझी एक चूक कबूल करावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं आपल्या मंडळींतील एका भावानें बोअर घेतला. आधींचे दोन कोरडे गेले होते. तिसऱ्यास पाणी लागलें. त्यानें आनंदानें मंडळीस शेतावर बोलाविलें. मीं तेथें उभा राहून आभाराची प्रार्थना केली, व गूळखोबरें वांटण्यांत आलें. त्यानें अर्धा एकर ऊस लावला. फाल्गुनांत वस्तीवरचा हापसा खडखडूं लागला आणि चैत्रांत बंद पडला. मोजून पाहिलें तों हापशापासून बोअर तीनशें पावलांवर! कायदा मला ठाऊक होता. मोजण्याचें मनांत आलें नाहीं, कारण पाणी आपल्या माणसास लागलें होतें.

मीं वस्तीवर जाऊन विचारलें कीं, २६ जानेवारीच्या सभेस कोण गेलें होतें? कोणीहि नाहीं. हरभरा काढण्याचे दिवस, मजुरी बुडते. आणि एक बाई म्हणाली, “आमचं तिथं कोण ऐकतंय, पाळकसाहेब?” तेव्हां तिच्याशेजारीं बसलेली एक म्हातारी विधवा, जी बोअरच्या प्रार्थनेस हजर होती, ती खालीं पाहत बोलली, “बोअरपाशी प्रार्थना केली तुमी. आता हापशापाशी बी करा.”

मीं हापशापाशीं प्रार्थना केली, आणि मला सांगावयास लाज वाटते कीं, ती फार लहान झाली.

१ मेच्या ग्रामसभेस त्या वस्तीवरच्या अकरा बाया व उपदेशक गेले. त्यांत आपल्या मंडळीबाहेरच्याहि चौघी होत्या. तो भाऊहि आला व मागें बसला. बोलणें फार तापलें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें: कर्ज त्याच्या डोक्यावर, आधींचे दोन कोरडे बोअर त्याचेच, आणि गांवांत ज्यांनीं हेंच केलें त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं. तेव्हां तीं नांवेंहि घेण्यांत आलीं. शेवटीं वहींत असा ठराव लिहिला गेला कीं, पाऊस पडेपर्यंत त्यानें रोज सकाळीं एक तास वस्तीच्या टाकीस पाणी सोडावें, तेवढ्या तासाचें विजेचें बिल पंचायतीनें द्यावें, हापशाजवळ पावसाचें पाणी मुरण्यासाठीं शोषखड्डा घ्यावा, आणि यापुढें गांवांत कोणींहि बोअर घेण्याआधीं अंतर मोजून सभेपुढें सांगावें. त्यानें अंगठ्याशेजारीं सही केली. त्याच्या वरचा अंगठा त्या म्हातारीचा होता.

त्यानंतर तीन रविवार तो उपासनेस आला नाहीं. मी त्याच्या घरीं गेलों. त्यानें चहा दिला व सोयाबिनाच्या बियाण्याविषयीं बोलला, दुसरें कांहीं नाहीं. चौथ्या रविवारीं तो आला, दाराजवळ बसला, आणि शेवटची प्रार्थना होतांच कोणाशीं न बोलतां उठून गेला, कारण टाकीस पाणी सोडण्याची वेळ झाली होती.